संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो तेव्हा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा जुना संगणक असतो. मुलाने नवा घेतल्यावर आईवडिलांना दिलेला, नाहीतर ऑफिसने काढून टाकला तेव्हा स्वस्तात मिळालेला. तो चालता चालता एकदम काळा पडतो, पुन्हा कंपनीचे चिन्ह दिसते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. कोणी कशाला हात लावलेला नसतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीचा अर्धा फॉर्म मात्र गेलेला असतो, आणि मुदत संपायला दोनच दिवस उरलेले असतात.

अशा वेळी घरात दोन निदाने होतात. एक, ‘व्हायरस आला.’ दुसरे, ‘मदरबोर्ड गेला.’ पहिल्या निदानामुळे कोणीतरी सगळे पुसून विंडोज नव्याने टाकतो आणि फोटो, दाखले कायमचे जातात. दुसऱ्यामुळे संगणक भंगारात जातो. वसतिगृहातले आणि ओळखीच्या घरांतले संगणक मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. माझ्या अनुभवात कितीदा तरी दोष धुळीत, सैल प्लगमध्ये किंवा थकलेल्या बॅटरीत सापडतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो, तो क्रम येथे देत आहे. त्यासाठी एक स्क्रूड्रायव्हर, एक मऊ ब्रश आणि एक वही पुरे.

आधी कागदपत्रे वाचवा

संगणक चालू राहतो तेवढ्या वेळात फोटो, गुणपत्रिका, जातीचे दाखले, हिशेब हे सारे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तुटल्यासारखा संगणक बंद पडला, तर फाइल खराब होऊ शकते. शिवाय आजारी डिस्कच असली, तर प्रत्येक दिवस महत्त्वाचा. दुरुस्ती त्यानंतर.

वहीत नोंद करा

दोन-तीन दिवस प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा : किती वाजता झाले, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, तेव्हा काय काम चालू होते आणि घरात दुसरे काय चालू झाले. याचबरोबर बंद होण्याची तऱ्हा पाहा. ती तीन प्रकारची असते.

पहिली : स्क्रीनवर सूचना येते आणि मग संगणक पुन्हा सुरू होतो. हे बहुधा विंडोजचे अपडेट असते, आजार नव्हे. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये आपल्या कामाचे तास भरून ठेवले की त्या वेळात तो असा मध्येच उठत नाही.

दुसरी : क्षणभर निळा पडदा चमकतो. विंडोजला आत काहीतरी गंभीर चुकलेले कळले आणि त्याने स्वतःच काम थांबवले.

तिसरी : कोणीतरी प्लग ओढावा तसा तो काही न सांगता काळा पडतो. येथे विंडोजला बोलायला सवडच मिळालेली नसते. वीज, उष्णता किंवा बटण यांकडे आधी पाहायचे.

संगणकाला बोलते करा

निळ्या पडद्यावर कारणाचे नाव असते, पण वाचेपर्यंत तो निघून जातो. त्याला थांबवता येते. शोधपट्टीत ‘व्ह्यू अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालचे ‘सेटिंग्ज’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ यापुढची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा स्थिर राहील. नव्या विंडोज ११ मध्ये तो निळ्याऐवजी काळा असतो. मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. त्यात ‘मेमरी’ असा शब्द असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. एखाद्या ड्रायव्हरच्या फाइलचे नाव असेल तर त्या ड्रायव्हरकडे बघा.

‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधलेत तर दिवसवार तक्ताही मिळतो. लाल फुली कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि त्याच सुमारास काय नवे बसवले गेले, हे त्यात एका नजरेत दिसते.

‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की अनेक जण घाबरतात. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहावे, तशी ती असते. हृदय का बंद पडले, ते आपल्यालाच शोधायचे असते. तेथेच १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कोणत्या तरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर रीस्टार्ट करायला सांगितले होते असे समजावे.

दोष विंडोजचा की यंत्राचा?

सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबत राहिले की बायोसचा पडदा येतो. काही संगणकांत बटण वेगळे असते, ते सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलेले असते. तेथे काही न बदलता अर्धा-पाऊण तास संगणक तसाच ठेवा. या वेळी विंडोज सुरूच झालेले नसते. तरीही तो रीस्टार्ट झाला, तर विंडोज निर्दोष आहे आणि दहा वेळा फॉरमॅट करूनही काही उपयोग होणार नाही. तेथे तो टिकला तर विंडोजवरचा संशय वाढतो, पण यंत्र पूर्ण सुटले असे नाही. बायोसमध्ये यंत्राला काम फार थोडे असते, त्यामुळे ताण पडल्यावरच दिसणारा दोष तेथे लपून राहू शकतो.

वीज : भिंतीपासून सुरुवात

एका वसतिगृहात संगणक रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास रीस्टार्ट व्हायचा. विंडोज दोनदा नव्याने टाकून झाले होते. शेवटी स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितले, “दादा, मी मिक्सर लावला की तुमचा कॉम्प्युटर दचकतो.” मावशींचे निदान बरोबर होते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त वीज ओढते आणि त्याच लाइनवरचा दाब त्या क्षणी पडतो. संगणकाच्या डब्यातला एसएमपीएस असा छोटा खंड सांभाळून घेतो, पण सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाइतकाच. तो जुना झाला की तेवढेही निभत नाही. त्या ठिकाणी संगणक वेगळ्या लाइनवर घेतला आणि त्रास थांबला.

म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून संगणक एक दिवस थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटवर चालवून पाहा. त्रास थांबला तर दोष मधल्या साखळीत आहे. डब्याच्या मागची पॉवर केबल घट्ट बसली आहे ना, तेही पाहा. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. डहाणू-जव्हारकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा तरी लुकलुकते. बॅटरी थकली असेल तर दर लुकलुकीला संगणक पडतो आणि दोष मात्र संगणकाच्या माथी बसतो. महत्त्वाचे काम उघडे नसताना यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करून पाहा. संगणक पाच मिनिटेही टिकला नाही, तर बॅटरी बदला.

डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. मुलांना त्या संगणकावर बसवू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

उष्णता आणि धूळ

सकाळी छान चालतो, वीस मिनिटांनी पडतो, मग दहा मिनिटांनी, मग पाच. वहीत असा उतरता हिशेब दिसला तर उष्णतेकडे पाहावे. प्रोसेसर साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आधी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर जीव वाचवण्यासाठी काम थांबवतो. मधल्या थोड्या वेळात तो पुरता थंड होत नाही, म्हणून पुढची पाळी लवकर येते.

संगणक बंद करा, प्लग काढा, आणि उरलेली वीज निघून जावी म्हणून पॉवर बटण एकदा काही सेकंद दाबून धरा. बाजूचे झाकण उघडा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांत जाणार नाही. मग मऊ ब्रशने प्रोसेसरवरच्या पंख्यातली आणि त्याखालच्या पट्ट्यांतली धूळ काढा. ब्लोअर वापरायचा तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि संगणक अंगणात न्या. गावाकडच्या डब्यांत मला मुंग्यांची वारुळे, पालीची अंडी आणि उंदराने कुरतडलेल्या वायरी सापडल्या आहेत. मागच्या बाजूला उघडी राहिलेली फट पत्र्याच्या पट्टीने बंद करावी, पण हवेच्या जाळ्या झाकू नयेत. धूळ काढूनही प्रोसेसर तापत असेल, तर त्यावरची थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते. ती मेकॅनिककडून बदलून घ्यावी.

लॅपटॉप असेल तर तो गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालच्या जाळ्या बंद होतात.

रॅम, बटण आणि एसएमपीएस

झाकण उघडलेच आहे तर रॅमच्या पट्ट्या काढून, सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून, टक् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. कोकणपट्टीच्या दमट हवेत एवढ्यानेही काम होऊन जाते. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून एकेक दिवस चालवा. एकीवरच त्रास होत असेल तर ती बदलावी. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही विंडोजमधलीच चाचणी रात्री लावून ठेवता येते.

समोरचे रीसेट बटण आत अडकले आहे का, हे कोणी पाहत नाही. ते बटण म्हणजे फक्त दोन तारांची भेट. धुळीने किंवा गंजाने त्या आपसूक भेटल्या, तर संगणक आज्ञाधारकपणे रीस्टार्ट होतो. मदरबोर्डवरून त्या बटणाची पिन काढून ठेवली तरी संगणक चालतो.

मदरबोर्डवर छोटे उभे डबे दिसतात, ते कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगला असेल किंवा तेथे तपकिरी डाग असेल, तर दोष तेथेच असण्याची शक्यता मोठी. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असे सदोष कपॅसिटर असंख्य मदरबोर्डांत गेले होते. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा भार साठलेला राहू शकतो. संशय असेल तर मेकॅनिककडून दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहावा. बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेरचा आकडा आला, तर तो बदलायचाच.

व्हायरस आणि इतर प्रोग्रॅम

व्हायरसचा संशय अगदी निराधार नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या वर्मने जगभरातले संगणक साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून रीस्टार्ट केले. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती महिनाभर आधीच दिली होती, पण ती पुष्कळांनी बसवली नव्हती. याउलट १९ जुलै २०२४ रोजी व्हायरसपासून राखणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्याच सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. म्हणून नवे काय बसवले, हा प्रश्न आधी विचारावा.

शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ केले की दुरुस्तीचा पडदा येतो. त्यातून ‘सेफ मोड’मध्ये जा. तेथे फक्त अत्यावश्यक भाग चालू असतात. तेथे संगणक तासन्‌तास टिकला, तर अलीकडे टाकलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम काढून पाहा. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही ध्यानात असू द्या.

मेकॅनिककडे नेताना

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. मेकॅनिककडे जाताना ती वही आणि पडद्याचा फोटो सोबत न्या. “सारखा बंद पडतो” एवढेच सांगण्यापेक्षा “थेट भिंतीवर लावला, धूळ काढली, एका रॅमवर पाहिला, तरी बायोसमध्येही पडतो” असे सांगितले, तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

असा दुरुस्त झालेला संगणक कोणी वसतिगृहाला देऊ इच्छित असेल, तर आपली खाजगी माहिती पुसून, काय बदलले त्याची चिठ्ठी डब्याला आतून चिकटवून द्यावा. तेथे मेकॅनिक अनेकदा वीस-पंचवीस मैलांवर असतो आणि ती चिठ्ठी त्याची अर्धी फेरी वाचवते. जो खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेला आहे तो मात्र देऊ नये, आणि कचऱ्यात जाळूही नये. आत शिसे आणि इतर विषारी पदार्थ असतात. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे तो सोपवावा.