कृषिदूत आणि गावाची माती

कृषि महाविद्यालयाच्या चौथ्या वर्षाचे विद्यार्थी खरिपाच्या सुमारास गावात मुक्कामास येतात. त्यांना कृषिदूत व विद्यार्थिनींना कृषिकन्या म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात पडला आहे. ग्रामीण कृषि कार्यानुभव हा पदवीच्या अभ्यासक्रमाचाच भाग होय. २०१५ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेत त्याचा समावेश झाला व दरमहा ३,००० रुपये विद्यावेतनाची तरतूद करण्यात आली. ही रक्कम राहणे, जेवण व प्रवास यांतच खर्ची पडणारी आहे. तिला मजुरी समजून विद्यार्थ्यांस निंदणी-खुरपणीला जुंपणे योग्य नव्हे. तसेच, दोन रोपे लावून फलकासह छायाचित्र काढले की काम झाले, असेही कोणी मानू नये.

शिक्षण संपलेल्या तरुणांसाठी २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. ती योजना वेगळी. दोहोंची गल्लत करू नये.

कृषिदूतांकडून मातीचे नमुने अवश्य घ्यावेत, मात्र त्यात वेळेला फार महत्त्व आहे. विद्यार्थी येतात तेव्हा पुष्कळ शेतांत पेरणी होऊन रासायनिक खत पडलेले असते. अशा शेताचा नमुना तपासल्यास जमिनीच्या कसाबरोबर नुकत्याच घातलेल्या खताचा अंशही मोजला जातो. त्या पत्रिकेवर विसंबून शेतकरी पुढील हंगामात खत कमी घालतो आणि नुकसान सोसतो. म्हणून खत न दिलेली शेते प्रथम निवडावीत. इतरांचे नमुने पीक निघाल्यावर घ्यावेत.

एकाच रंगाच्या व उताराच्या क्षेत्रातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या एका बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने काढावी. बांध, विहिरीची कड, झाडाखालची व उकिरड्याची जागा टाळावी. सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. ती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. रासायनिक खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळत घातली, तर सारे श्रम वाया जातात.

दुसरे काम विहिरींचे. पाच-सहा विहिरींच्या कठड्यावर रंगाची खूण करून तेथून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरा दिवसांनी टेपने मोजावे व तारखेसह वहीत नोंदवावे. मोजणी सकाळी, उपसा सुरू होण्यापूर्वी करावी. पंप नुकताच बंद केला असता पाणी खरी पातळी दाखवीत नाही. पावसाळा सरताना पाणी कोठे आहे हे कळले, तर गहू घ्यावा की हरभऱ्यावर भागवावे याचा विचार आकड्यांवरून करता येतो. आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असल्या तर तो अधिक भरवशाचा होतो. परंतु विद्यार्थी परत गेले की वही त्यांच्या अहवालाबरोबर महाविद्यालयात जाते व मोजणी थांबते. यासाठी वही ग्रामपंचायतीतच राहील असे पहिल्या दिवशी ठरवावे, विद्यार्थ्यांनी आपल्यासाठी नक्कल करून घ्यावी, आणि गावातील एखाद्या शिकलेल्या मुलास किंवा मुलीस त्यांच्याबरोबर सुरुवातीपासून विहिरीवर पाठवावे.