घरच्या कामाला घंटा नसते



शाळेची घंटा झाली की मुले वर्गात जातात. आज कुणाला उत्साह आहे आणि कुणाला नाही, हे त्या वेळी कोणी विचारीत नाही. शेताचेही तसेच. वाफसा आला की पेरायला उतरावेच लागते. रात्री दोनला पंपाची लाइट आली की डोळे चोळीत, बॅटरी घेऊन मळा गाठावा लागतो. पण घरात बसून करायचे जे काम असते, म्हणजे शिलाई म्हणा, पापड-कुरडया म्हणा, गुरुजींचे वह्या तपासणे म्हणा, नाहीतर दहावीला बाहेरून बसलेल्या सुनेचा अभ्यास म्हणा, त्याला ना घंटा, ना वाफसा, ना लाइटची पाळी. ते केव्हाही करता येते. आणि केव्हाही करता येते म्हणूनच ते उद्यावर जाते.

मग आपण म्हणतो, "मनच लागत नाही." भोवतालची माणसे म्हणतात, "आळशी झालीय." आज मला या आरोपाविषयीच बोलायचे आहे. कारण तो पुष्कळदा खोटा असतो, आणि खोट्या आरोपाने माणूस खचतो.

मी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. आमच्या आळीत एक सूनबाई आहे. घरची शेती दीड एकर, तीही कोरडवाहू. तिने बचत गटाचे कर्ज काढून शिलाई मशीन घेतले आणि शाळा उघडायच्या आत गावातल्या मुलांचे साठ जोड गणवेश शिवून द्यायचे कबूल केले. मे महिना सगळा हातात होता. पोरगी कामसू, पहाटे पाचला उठणारी. पण जून उजाडला तेव्हा बावीस जोड तयार होते. उरलेले कापड तालुक्याच्या शिंप्याकडे गेले, गटाचा हप्ता थकला, आणि घरात बोलणे निघाले, "विकून टाका ते मशीन. हिच्याच्यानं व्हायचं नाही." एका संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "बाई, माझ्यातच काही उणं आहे का हो? मशीनवर बसते, पण मनच लागत नाही."

मी तिला उपदेश केला नाही. मुलाच्या वहीचे मागचे पान काढायला सांगितले. म्हटले, "उद्या नऊ ते एक मशीनवर बस, आणि जेव्हा जेव्हा उठशील तेव्हा एक रेघ मार. का उठलीस तेही लिही." दुसऱ्या दिवशी ती पान घेऊन आली. सतरा रेघा! सासऱ्यांचा चहा, दळण आणायला कोणी नाही, शेळी सुटली, शेजारीण विरजण मागायला आली, पोराला दप्तर सापडेना, गॅसवाला आला, पुन्हा चहा. सलग बसणे झाले ते जास्तीत जास्त अठरा मिनिटे. आता शिवणाऱ्या बायका मला सांगतील की अठरा मिनिटांत कॉलर नीट बसत नाही. अर्धी लावायची, उठायचे, परत आल्यावर उलटी लागली असे दिसायचे, उसवायची, पुन्हा लावायची. अशात मन कुठून लागणार? मन लागायला आधी बूड टेकावे लागते.

त्या सतरा रेघांतल्या बहुतेक रेघांच्या मागे एकच वाक्य होते: "तू घरीच तर आहेस ना!" जो माणूस दुकानात बसला आहे, त्याला कोणी विरजण मागायला उठवीत नाही. घरी बसलेल्या बाईचा वेळ मात्र गावकीच्या विहिरीसारखा असतो. ज्याला हवा त्याने दोर टाकावा. हे नुसते माझे म्हणणे नव्हे. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने माणसे दिवसाचा वेळ कशात घालवितात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे दिसले, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांत घरकामाला हात लावणारे मुळात शंभरात सव्वीस, आणि जे लावतात त्यांची मिनिटे ९७. लहान मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे यात धरलेले नाही, ते वेगळेच. आणि हे पाच तास एका ठिकाणी मिळाले असते तर निदान उरलेले तासही एका ठिकाणी मिळाले असते. ते दिवसभर चुरमुऱ्यांसारखे सांडलेले असतात.

आता तुम्हांला मुंबईची एक खरी हकिकत सांगते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणून छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे हेच 'लिज्जत पापड' म्हणून देशभर पोहोचले, आणि आज त्या संस्थेत ४० हजारांहून अधिक बहिणी आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हे सगळे कौतुकाचे आहेच. पण मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते त्यांच्या कामाच्या रीतीकडे.

पहाटे केंद्रावर पीठ मळले जाते. बहिणी येतात, काल घरी लाटून वाळविलेले पापड वजन करून देतात, ते पाहून-तपासून घेतले जातात, लाटण्याची मजुरी, तिला तिथे वणाई म्हणतात, ती हिशेबाने मिळते, आणि नवे पीठ डब्यात घेऊन त्या घरी जातात. लाटणे घरी, आपल्या पोळपाटावर, आपल्या सवडीने. आता यातली खुबी पाहा. काम घरचे, पण घंटा बाहेरची! मळलेले पीठ डब्यात घेऊन घरी आलेल्या बाईला "आज करू का उद्या करू" असा प्रश्न पडतच नाही. पीठ उद्यापर्यंत थांबत नाही. किती करायचे तेही ठरलेले. जेवढे पीठ तेवढे पापड. आणि काल काय झाले ते दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसते. उत्साह आधी येतो आणि मग हात चालतो, असा आपला समज असतो. इथे हात आधी चालतो. उत्साह मागाहून, वजनाच्या वेळी येतो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले होते, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह ठेवायचा. काम चालू राहिले. जिद्दीवर कितीही व्याख्याने दिली असती तरी पापड काही वाळले नसते. आपले काम अडते तेव्हा आपण मनाला दोष देतो. पण कुठे खाट-स्टोव्ह कमी पडतो आहे का, हे पाहायला विसरतो.

आमच्या सूनबाईकडे वळते. तिला बाहेरची घंटा कुठून द्यायची? ती तर तिच्या दारातच होती. शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. साडेदहाची पहिली घंटा झाली की मशीनवर बसायचे, आणि दीडला जेवणाची सुट्टी झाली की उठायचे, असे ठरले. मधले तीन तास तिचे. मग तिच्या घरी जाऊन मी सगळ्यांना बसविले. हे मात्र मला आधी करावे लागले, कारण वेळापत्रक बाईने एकटीने करून चालत नाही. ते घराने मानावे लागते. सासूबाई जरा रुसल्या. "आमच्या वेळी नव्हती असली घंटा." मी म्हटले, "तुमच्या वेळी हप्ताही नव्हता." सासऱ्यांना दुपारच्या चहासाठी एक थर्मास आणून दिला. शेळीचा खुंटा बदलला. दळण संध्याकाळवर गेले.

मग आम्ही हिशेब मांडला. तीन तासांत तिच्या हातून एक जोड गणवेश नीट होतो. मे महिन्याचे दिवस एकतीस. म्हणजे साठ हा आकडा तिच्या तासांत बसणाराच नव्हता! तिच्यात काही उणे नव्हते. कबुलीच भलती केली होती. हे कागदावर पाहिले तेव्हा तिचा चेहरा जो बदलला तो मला अजून आठवतो. शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. मूल घरी अभ्यास करीत नाही म्हणून आपण पालकांना चिठ्ठी धाडतो; पण दिलेला अभ्यास त्याच्या संध्याकाळीत बसतो का, त्या घरात दिवा कुठे आहे आणि टीव्ही कुठे आहे, हे कितीजण विचारतो? मीही नोकरीत असताना विचारीत नसे.

स्वतःचीही गोष्ट सांगून टाकते. अठ्ठेचाळीस वह्यांचा गठ्ठा मी दर शनिवारी घरी आणी, आणि रविवारभर त्या गठ्ठ्याकडे पाहून मला थकवा येई. सोमवारी तो तसाच परत. पुढे मी रोज रात्री जेवणानंतर आठ वह्या असे ठरविले. आणि एक छोटी युक्ती केली: आठ झाल्या की नववी उघडून, तिच्यावर लाल पेन ठेवून उठायचे. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नसे, ती समोर मांडलेली असे. सूनबाई आता तेच करते. उठताना उद्याची बाही कापून, टाके घालून सुईखाली ठेवते.

महिनाभर बरे चालले. मग गौरी-गणपती आले. पाहुणे, नैवेद्य, आठ दिवस मशीनवर चादर. ती पुन्हा ओट्यावर आली. "मोडलं बाई सगळं." तेव्हा मी तिला लंडनची एक गोष्ट सांगितली. तिथल्या विद्यापीठात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर अभ्यास केला; तो २०१० साली छापून आला. प्रत्येकाने रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला एक नवी गोष्ट जोडायची होती, जसे जेवणाबरोबर फळ खायचे. ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते असे जे कोणी सांगतो, त्यावर फार विसंबू नये. आणि आपल्या कामाचे ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आठ दिवसांची सुट्टी म्हणजे एक दिवस नव्हे, हे खरे. पण ज्या धाग्याला गाठ मारता येते तो तुटला म्हणून कापड फेकून देत नाहीत, हे शिवणाऱ्या बाईला मी काय सांगावे? तिने चादर काढली.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. सगळा कंटाळा घंटेने जात नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जिना चढताना धाप लागते, बसल्या जागी डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात आळस. अशा बाईला वेळापत्रक देणे म्हणजे उपाशी बैलाला चाबूक दाखविणे आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासावे. तसेच पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, जेवण गोड लागत नाही, रडू येते, असे असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. पुरुषांनीही.

मशीन विकले गेले नाही. थकलेल्या हप्त्यांपैकी तीन फिटले आहेत, दोन राहिले आहेत. या खेपेस तिने गणवेश तीसच कबूल केले आहेत. परवा मी तिच्या घरावरून जात होते, तेव्हा दारात एक बाई ब्लाउजचे कापड घेऊन उभी होती. सासरे ओसरीवर थर्मास घेऊन बसलेले. त्यांनी तिला सांगितले, "सूनबाई शाळेत गेलीय. दीडला या." आतून मशीनचा आवाज येत होता.

आता तिला काळजी आहे ती मे महिन्याची. "बाई, शाळा बंद झाली की घंटा कोण देणार?" सासऱ्यांनी माळ्यावरचा जुना रेडिओ काढून दुरुस्तीला टाकला आहे. सकाळच्या बातम्या संपल्या की बसायचे, असे सध्या तरी घरात ठरते आहे.