तीन किलोंची अ‍ॅक्वारामा

उत्तर इटलीतल्या इसेओ सरोवराच्या काठी सार्निको नावाचं गाव आहे. तिथल्या कार्लो रिव्हाच्या कारखान्यातून १९६२ साली अ‍ॅक्वारामा ही महोगनीची स्पीडबोट बाहेर पडली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. नाव सुचलं ते त्या काळच्या रुंद पडद्याच्या ‘सिनेरामा’वरून, कारण पुढची काच तशीच दोन्ही बाजूंना वळलेली होती. लांबी साधारण आठ ते पावणेनऊ मीटर, वजन सुमारे तीन टन, पोटात दोन व्ही-एट इंजिनं. रेडिओवर चालणारी लाकडी स्पीडबोट बनवायची म्हटलं की अनेकांचं मन हिच्यावरच जातं. तूरिनची अमाती कंपनी तिचा १:१० प्रमाणातला लाकडी संचही विकते.

आता एक प्रश्न. लांबी दहापट कमी केली, तर प्रतिकृतीचं वजन किती असावं? तीनशे किलो हे उत्तर चटकन तोंडावर येतं, पण ते चूक आहे. लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही दहापट घटतात, म्हणजे आकारमान हजारपट घटतं. तीन टनांचे होतात तीन किलो. लाकूड, मोटरी, बॅटरी, सीटा, वार्निश हे सगळं त्या तीन किलोंत बसलं पाहिजे, तरच नौका पाण्यात खऱ्या नौकेइतकी बुडेल. चार किलोंची झाली की ती बसकी दिसते, पाण्यावर उचलली जात नाही, आणि मग माणूस मोठ्या मोटरी शोधू लागतो. हे दुष्टचक्र टाळायचं असेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पहिल्या दिवसापासून टेबलावर हवा.

वेगाचं गणित त्याहून गमतीचं. खरी अ‍ॅक्वारामा ४५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास पळते. प्रतिकृती दहापट हळू, ताशी आठ किलोमीटरनं चालवली, तर ती पाणी रेटत रांगत राहील. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात याचा उलगडा केला. १८७२ साली टॉर्की इथे त्यानं लांबलचक हौद बांधला आणि मेणाच्या छोट्या नौका ओढून पाण्याचा विरोध मोजला. लहान नौकेच्या लाटा मोठीसारख्या उठायच्या असतील, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करावा लागतो. दहाचं वर्गमूळ ३.१६. ८३ भागिले ३.१६ म्हणजे ताशी २६ किलोमीटर. या वेगाला आपली नौका पाण्याला तशीच कापते आणि शेपटीमागे तसाच फेसाळ पट्टा सोडते. शक्तीचा हिशेबही यातूनच निघतो. दोन इंजिनांची मिळून ६४० अश्वशक्ती धरली, तर १:१० ला ती दीडशे वॉटच्या आसपास येते. लहान पंख्यांत (प्रॉपेलरमध्ये) आणि तारांत होणारी गळती धरून बॅटरीतून सव्वादोनशे वॉट निघाले की पुरे. बाजारात याच आकाराच्या नौकेसाठी हजार-हजार वॉटच्या मोटरी सुचवल्या जातात. त्या लावल्या, तर नौका ताशी साठनं उडेल आणि अ‍ॅक्वारामा मुळीच दिसणार नाही.

बांधणीची सुरुवात उलटी होते, शब्दशः. एका सपाट, न वाकलेल्या फळीवर प्लायवुडच्या आडव्या चौकटी पालथ्या उभ्या करायच्या, त्यांच्या मधून पठाण, म्हणजे तळाचा कणा, ओवायचा आणि पुढे त्याला नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, जोडायची. चौकटींवर आधी हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा थर येतो, त्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं महोगनीचं व्हिनियर. व्हिनियर निवडताना बारीक रेषांचंच घ्यावं. खऱ्या लाकडाचा रेषा-दाणा दहापट बारीक होत नाही, आणि जाड रेषांचं व्हिनियर लावलं की नौका लगेच खेळण्यासारखी दिसते. संच काचेच्या कपाटासाठीच्या नमुन्याचा असेल, तर चौकटींचा मधला भाग आतून कापून मोटरी आणि बॅटरीसाठी जागा करावी लागते. ही कापाकापी कवच पूर्ण झाल्यावर करावी. आधी कापलं, तर सगळं पिळवटतं.

खरी मेख तळात आहे. अ‍ॅक्वारामाचा तळ नाळेशी धारदार, मागे जवळजवळ सपाट. वेग घेतल्यावर नौका या मागच्या तिसऱ्या हिश्शावरच घसरते. म्हणून तिथे लांब स्टीलपट्टी आडवी-उभी लावून पाहायची. तळ मागे वर वळलेला असेल, तर शेपूट खाली ओढली जाते. खाली वाकलेला असेल, तर नाळ पाण्यात खुपसते. आणि तळ आणि बाजू जिथे कोनात मिळतात ती कड, तसंच मागच्या पाटाची खालची कड, दोन्ही धारदार हव्यात. पाण्यानं तिथून तुटून सुटायचं असतं. पॉलिशपेपर हातात आला की सगळं गुळगुळीत, गोल करायचा मोह होतो. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं आणि वेग खातं. फर्निचरचं कौशल्य इथे नौकेच्या मुळावर येतं.

तळ तासून झाला, खड्डे लांबीनं भरून झाले, की बाहेरून अगदी पातळ काचकापड एपॉक्सीत बसवायचं आणि आतूनही एपॉक्सीचा हात द्यायचा. आतली बाजू विसरली, तर लाकूड आतून पाणी पितं आणि बाहेरचं सुंदर वार्निश फुगतं. वर पीयू वार्निशचे चार-पाच पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये पाण्यावरच्या बारीक कागदानं घासणं. डेकवरच्या फिकट रेघा, क्रोमची कड, फिरोजी सीटा यांवर महिना घालवता येतो आणि घालवावाही, पण ते सगळं वजनकाट्याच्या परवानगीनं.

मोटरीचं फिरणं पाण्यापर्यंत नेणारा दांडा हे या कामातलं सर्वांत नाजूक प्रकरण. चार मिलिमीटरचा स्टीलचा दांडा पितळी नळीतून तळाबाहेर जातो. नळी जितकी आडवी तितकं बरं, पण पंख्याचं टोक आणि तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी अंतर हवं, नाहीतर पाण्याचे ठोके तळावर बसून घरघर होते. नळीचं आतलं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर ठेवायचं आणि नळीत ग्रीस भरायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. मोटर आणि दांडा जोडणारा सांधा लवचिक असतो आणि म्हणूनच फसवतो. मोटर थोडी तिरपी बसली तरी तो निमूटपणे फिरतो, फक्त शक्ती खातो आणि ओरडतो. यावर जुना, खात्रीचा उपाय असा: मोटरीचा आणि नौकेचा दांडा यांत सरळ बसणारा पितळी तुकडा लेथवर करून घ्यायचा. तो घालून दोन्ही ताठ एका रेषेत आले की मोटरीची बैठक त्याच अवस्थेत एपॉक्सीनं चिकटवायची. एपॉक्सी पूर्ण वाळल्यावर पितळी तुकडा काढून लवचिक सांधा घालायचा. बोटानं पंखा फिरवला, तर तो कुठेही न अडकता फिरला पाहिजे.

अ‍ॅक्वारामाला दोन पंखे आहेत, आपणही दोनच लावावेत, एक उजवा आणि एक डावा, उलट दिशांना फिरणारे. एकाच पंख्याची नौका पंख्याच्या पिळानं एका कुशीवर कलते. दोन उलटे पंखे एकमेकांचा पीळ मारतात. ब्रशलेस मोटर उलटी फिरवायला तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोनांची अदलाबदल केली की झालं.

आता मोटर किती वेगानं फिरणारी घ्यायची? समजा पंखा ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ४९ मिलिमीटर. पाणी घट्ट नसतं, म्हणून पंखा एका फेरीत ४९ मिलिमीटर जात नाही. पाव भाग निसटला असं धरलं, तर ३७ मिलिमीटर जातो. ताशी २६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटर, म्हणजे सेकंदाला दोनशे फेऱ्या, मिनिटाला बारा हजार. तीन सेलची लायपो बॅटरी ११.१ व्होल्टची असते, आणि पाण्याच्या ओझ्याखाली मोटर तिच्या रिकाम्या वेगाच्या सुमारे चार-पंचमांशानं फिरते. उलटा हिशेब केला की दर व्होल्टमागे तेराशे ते चौदाशे फेऱ्यांची मोटर हवी असं निघतं. मोटरीवर लिहिलेला केव्ही आकडा तो हाच. आकडा मोठा म्हणजे मोटर दमदार, हा गैरसमज दुकानदारांनाही असतो.

सव्वादोनशे वॉटला ११.१ व्होल्टवर वीस अँपिअर लागतात. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीतले ऐंशी टक्केच वापरायचे ठरवले, तर पूर्ण वेगात बारा मिनिटं मिळतात. अर्ध्या वेगात त्याच्या कितीतरी जास्त, आणि खरी अ‍ॅक्वारामाही दिवसभर पिसाटासारखी धावत नाही. प्रत्येक मोटरीला स्वतंत्र स्पीड कंट्रोलर लागतो, गरजेच्या दुप्पट क्षमतेचा. इथे एक बारीक गोष्ट. दोन्ही कंट्रोलर रेडिओच्या रिसीव्हरला पाच व्होल्ट पुरवू पाहतात आणि भांडतात. म्हणून एकाच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या वायरीतली लाल तार प्लगमधून सोडवून टेपनं गुंडाळायची. बॅटरी आणि कंट्रोलर यांतल्या तारा लांबवू नयेत, कंट्रोलरमधले कपॅसिटर तापून मरतात. लांबी वाढवायचीच, तर मोटरीच्या बाजूच्या तारांची. डाख पक्का, चकचकीत हवा. भुरकट डाख वीस अँपिअरला हमखास सुटतो.

थंडाव्यासाठी पंख्याच्या मागे तळातून एक बारीक नळी पाणी उचलते, कंट्रोलरमधून फिरवून बाजूनं बाहेर टाकते. ती धार चालू आहे ना, हे काठावरून दिसतं. ज्या मोटरीचं बाहेरचं कवचच फिरतं, तिला पाण्याचं जॅकेट घालता येत नाही. तिथे बैठकीचा पत्राच थंड ठेवावा लागतो.

रेडिओवरून चालवलेली जगातली पहिली जाहीर नौका विजेचीच होती. १८९८ साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती हौदात फिरवून दाखवली आणि त्याच वर्षी पेटंटही मिळवलं. आजचा २.४ गिगाहर्ट्झचा संच त्या मानानं खिशातला, पण त्याच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. म्हणून रिसीव्हरचा अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, शक्य तितका उंच बसवायचा. सिग्नल तुटला, तर मोटरी बंद व्हाव्यात ही फेलसेफ सोय संचात असते, पण ती आपण लावावी लागते. नौका मांडीवर धरून ट्रान्समीटर बंद करायचा आणि मोटरी खरंच थांबतात का ते पाहायचं. फिरत्या पंख्यापासून बोटं दूर.

तलावाआधी आंघोळीचा टब. नौका सगळ्या सामानासह तरंगवायची आणि पाण्याची रेषा पेन्सिलनं आखायची. एका बाजूला कललेली नको. पुढे-मागे समतोल साधायला बॅटरी चिकटवू नये, वेलक्रोच्या पट्टीवर सरकती ठेवावी. वजनाचा मध्य मागच्या पाटापासून लांबीच्या सुमारे एक-तृतीयांशावर, ही चांगली सुरुवात. पोटातल्या रिकाम्या कोपऱ्यांत थर्मोकोल कोंबायचा. लाकूड स्वतः तरंगतं, पण बॅटरी आणि मोटरी नौकेला तळाशी नेऊ शकतात.

पहिल्या फेरीत नाळ वर-खाली उसळत राहिली, तर वजन फार मागे आहे. बॅटरी एक सेंटिमीटर पुढे. नाळ पाणी चाटत असेल, तर उलट. वळणात बाहेर फेकली जात असेल, तर सुकाणू फार फिरतंय. दोष कुठलाही असो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कशाचा हे कळत नाही.

मग सुधारणांचा किडा चावतो. तीनऐवजी चार सेल लावू, असं वाटतं. व्होल्टेज एक-तृतीयांशानं वाढलं की फेऱ्याही तितक्या वाढू पाहतात, पण पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनात वाढते, म्हणजे जवळजवळ दोन पूर्णांक चारपट. पंखा ३५ ऐवजी ३८ मिलिमीटरचा, त्याच प्रमाणातल्या पिचचा लावला, तर शक्ती व्यासाच्या पाचव्या घातानं वाढून दीडपट होते. वेग मात्र या पटींत वाढत नाही. धूर येतो तो कंट्रोलरमधून. त्यामुळे वॉटमीटर लावून अँपिअर वाचल्याशिवाय काहीही बदलू नये, आणि बदलायचंच, तर आधी पंखा. तो स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत जुना परत लावता येतो. एकेरी मोटरीच्या नौकेला दुसरा पंखा जोडणं, जुन्या ब्रशवाल्या मोटरीच्या जागी ब्रशलेस घालणं या सुधारणा खऱ्या. नुसते व्होल्ट वाढवणं ही सुधारणा नव्हे.

आपल्याकडच्या तलावांत दोन अडचणी. पहिली, परवानगी. तलाव पालिकेचा किंवा पाटबंधारे खात्याचा असतो, विचारून घ्यावं. दुसरी, जलपर्णी आणि शेवाळ. पंख्यात गवत अडकलं की अडलेली मोटर दुप्पट-तिप्पट करंट ओढते आणि कंट्रोलर काही सेकंदांत जातो, म्हणून वेग मंदावला की लगेच बोट स्टिकवरून काढायचं. नौका मधोमध बंद पडली, तर पोहत जाऊ नये. पवईच्या तलावात तर मगरी आहेत. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून नौकेपलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं, हा अनुभवींचा मार्ग.

घरी आल्यावर झाकण उघडून पोट सुकू द्यायचं, दांड्यात ताजं ग्रीस भरायचं, पंख्याच्या पात्यांवर चरा पडलाय का ते पाहायचं. लायपो बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर फुगते, म्हणून चार्जरचा साठवणीचा पर्याय लावून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणायचा. चार्ज करताना खोली सोडू नये, आणि बॅटरी लाकडी नौकेच्या पोटात ठेवून चार्ज तर कधीच करू नये.