राठ केसांचा मऊ ब्रश

दाढीच्या सामानात सगळ्यात जास्त चर्चा होते ती पात्याची. कुठल्या कंपनीचं, किती दिवस चालतं, हे आपण एकमेकांना आवर्जून विचारतो. ब्रश मात्र कोणी विचारून घेत नाही. दुकानदार जो पुढे करील तो आपण उचलतो. मग पंधरा दिवसांत 'हा टोचतो', 'याचे केस गळतात', 'याला वास येतो' अशा तक्रारी सुरू होतात आणि ब्रश कपाटात मागे पडतो. खरं म्हणजे या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. या ब्रशला पाणी प्यायला वेळ लागतो आणि वाळायला मोकळी जागा लागते. या दोन गोष्टी मिळाल्या, की अगदी साधा, स्वस्त ब्रशही वर्षानुवर्षं साथ देतो.

हा ब्रश कशाचा असतो ते आधी पाहू. बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात. पहिला डुकराच्या केसांचा, दुसरा बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा आणि तिसरा कृत्रिम धाग्यांचा. बॅजरचा ब्रश महाग असतो. आपल्याकडे घरोघरी आणि सलूनमध्ये वर्षानुवर्षं वापरात राहिला तो मुख्यतः डुकराच्या केसांचाच. खोक्यावर इंग्रजीत 'बोअर' असं छापलेलं असतं, त्यामुळे रानडुकराची शिकार करून केस आणत असावेत असं वाटतं. तसं नाही. हे केस बहुतेक पाळलेल्या डुकरांचे असतात. त्यांच्या मानेवर आणि पाठीच्या कण्याजवळ जे लांब, राठ केस असतात, ते स्वच्छ करून, उकळून, लांबीप्रमाणे वेगळे करून त्यांच्या जुड्या बांधतात. चीन हा या केसांचा फार जुना आणि आजही सगळ्यात मोठा पुरवठादार आहे. उत्तर प्रदेशात बिजनोर जिल्ह्यातलं शेरकोट हे गाव याच केसांपासून रंगाचे ब्रश बनवण्यासाठी प्रसिद्ध झालं. आणि दात घासायचा ब्रशसुद्धा १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचा ब्रश विक्रीला येईपर्यंत बहुधा याच केसांचा असायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. धर्मामुळे किंवा शाकाहाराच्या व्रतामुळे हे केस ज्यांना चालत नाहीत, अशी माणसं आपल्या समाजात पुष्कळ आहेत. पण वेष्टनावर 'डुक्कर' हा शब्द सहसा नसतो. 'प्युअर ब्रिसल' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ साधारणपणे डुकराचा केस असाच असतो. शंका असेल तर ब्रशमधून गळलेला एखादा केस काडीनं पेटवून पाहावा. केस असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा असेल तर तो वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. ज्याला वर्ज्य असेल त्यानं कृत्रिम धाग्यांचा ब्रश खुशाल घ्यावा. आताचे असे ब्रश चांगले मऊ असतात आणि झटकन वाळतात.

आता पाण्याची गोष्ट. डुकराचा केस बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. तो पाणी स्वतःत शोषून घेतो आणि ओला झाला की नरम पडतो. बॅजरचा केस पाणी फारसं पीत नाही, ते केसाकेसांच्या मध्ये धरून ठेवतो. म्हणून बॅजरचा ब्रश पाण्यात बुडवला की लगेच वापरता येतो, डुकराच्या केसांचा मात्र भिजत ठेवावा लागतो. या केसाचा दुसरा गुण असा, की त्याचं टोक नैसर्गिकरीत्याच दुभंगतं. वापर वाढेल तशी एका टोकाची दोन-तीन बारीक टोकं होतात. टोकं मऊ आणि बुंधा ताठ, अशी जोडी जमते. ताठ बुंध्यामुळे साबणाच्या कोरड्या वडीवरूनही फेस चटकन उठतो आणि मऊ टोकं गालाला टोचत नाहीत. म्हणजे नवा ब्रश टोचतो तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो अजून मुरलेला नसतो म्हणून.

ब्रश विकत घेताना तो हातात घेऊन पाहावा. केसांचा झुबका बुडाशी भरगच्च हवा. विरळ झुबका फेस धरत नाही आणि लवकर फिसकटतो. झुबक्याचा बुडाचा व्यास २२ ते २६ मिलिमीटर असला तर बहुतेकांना पुरतो. केस चिमटीत धरून हलकेच ओढावेत. एखाद-दुसरा हाती आला तर काळजी नको, पण पाच-सहा एकदम आले तर तो ब्रश ठेवून द्यावा. टोकं कात्रीनं सपाट कापल्यासारखी दिसत असतील तर तीही नको. वरचा आकार केस कापून नव्हे, तर केस नीट रचून दिलेला असावा. केसांच्या मधोमध काळा पट्टा दिसला म्हणून भुलू नये. बॅजरसारखा दिसावा म्हणून डुकराच्या केसालाही तसा रंग देतात. मूठ लाकडी असेल तर तिच्यावर चांगलं रोगण आहे ना, हे पाहावं. ओल्या हातातून निसटणार नाही अशी मूठ चांगली.

नवा ब्रश घरी आणला की आधी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवावा. जनावराचा थोडा वास येतो, तो काही दिवसांत जातो. मग दाढी करायची नसतानाही चार-पाच दिवस रोज तळहातावर भरपूर फेस करावा, धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. पहिल्या आठवड्यात काही केस गळतात, ते सैल राहिलेले असतात. साधारण पंधरा-वीस दाढ्या झाल्या की ब्रशचा स्वभाव बदललेला जाणवतो. बहुतेक लोक त्याच्या आतच कंटाळतात.

रोजच्या वापराची रीत सोपी आहे. तोंड धुण्याआधी ब्रश मगमध्ये कोमट पाण्यात केसांपुरता बुडवून ठेवावा. तीन-चार मिनिटं पुरतात. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम असावं. उकळत्या पाण्यानं केस कमकुवत होतात आणि झुबका धरून ठेवणारा डिंकासारखा लेपही सैल पडतो. मग ब्रश हलकेच झटकून त्यावर हरभऱ्याएवढं क्रीम घ्यावं किंवा तो वडीवर फिरवावा. गालावर गोल फिरवून फेस करावा, पण दाबू नये. ब्रश चेपून केस चहूबाजूंनी फाकवले की ते बुडाशी मोडतात. ब्रश 'गळतो' म्हणतात तो बरेचदा असा मोडत असतो.

दाढी झाल्यावरचा एक मिनिट सगळ्यात महत्त्वाचा. साबण पूर्ण निघेपर्यंत ब्रश वाहत्या पाण्यात धुवावा, मुठीत हलकेच दाबून पाणी काढावं, दोन-तीनदा जोरात झटकावा आणि टॉवेलवर अलगद फिरवावा. मग तो उभा ठेवा नाही तर उलटा टांगा, दोन्ही चालतं. त्याला वारा मात्र लागला पाहिजे. प्लॅस्टिकच्या डबीत किंवा बंद कपाटात ओला ब्रश ठेवणं सगळ्यात वाईट. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चोवीस तासांतही ब्रश वाळत नाही आणि केसांच्या बुडाशी बुरशी धरते. अशा वेळी दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. ज्यांच्याकडे बोअरवेलचं जड पाणी येतं, त्यांच्या ब्रशवर साबणाचा पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात ब्रश पाच मिनिटं बुडवावा आणि स्वच्छ धुवावा. थर सुटतो.

शेवटी आरोग्याचं. जनावरांचे केस नीट स्वच्छ केले नाहीत तर काय होतं, याचा धडा जगाला पहिल्या महायुद्धात मिळाला. पुरवठ्याची घडी विस्कटली आणि बॅजरची नक्कल म्हणून विकलेले, नीट निर्जंतुक न केलेले घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले. त्यांतून ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना आणि सामान्य माणसांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. काही दगावले. त्यानंतर केस निर्जंतुक करण्याचे नियम कडक झाले. आज नव्या ब्रशबाबत घाबरण्याचं कारण नाही. पण जुन्या बाजारात मिळालेला शंभर वर्षांपूर्वीचा ब्रश शोभेपुरताच ठेवावा, गालाला लावू नये.

आजचा खरा धोका त्याहून साधा आहे. एड्सबद्दल जागृती झाल्यापासून सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावण्याची चांगली सवय पडली. पण पातं बदललं तरी ब्रश तोच असतो. कोणाच्या गालावर नायटा असेल, पुळ्या असतील, वस्तऱ्यानं थोडं कापलेलं असेल, तरी तोच ओला ब्रश पुढच्या गालावर फिरतो. त्वचेचा संसर्ग पसरायला एवढं पुरतं. उपाय अवघड नाही. सलूनमध्ये जाताना आपला ब्रश पिशवीत न्यावा किंवा हातानं फेस लावायला सांगावा. कारागीर रागावत नाहीत, उलट त्यांचंही काम सुरक्षित होतं. घरातही वडिलांचा ब्रश वडिलांचा आणि मुलाचा मुलाचा असावा. मिसरूड फुटलेल्या मुलाला पहिला रेझर देताना सोबत त्याचा स्वतःचा ब्रश द्यावा आणि तो झटकून वाऱ्यावर ठेवायचा असतो, हेही त्याच दिवशी सांगावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)