मीठ वेगळं, मसाला वेगळा

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



आज आपण 'ड्राय रब'बद्दल बोलणार आहोत. नाव परकं आहे, पण वस्तू साधी आहे. निखाऱ्यावर भाजायच्या मांसाला बाहेरून चोळायचा कोरडा मसाला म्हणजे ड्राय रब. यात दही नाही, ओलं वाटण नाही, तेलही बोट फिरवण्यापुरतंच. हल्ली दुकानात 'बार्बेक्यू मसाला' नावाने याच्या छोट्या बाटल्या मिळतात. बाटली घेण्याआधी मागची बारीक अक्षरं जरूर वाचा. पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मीठ आणि साखर दिसली, तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ-साखर विकत घेतोय, हे समजून चला. ज्या घरात गोडा मसाला आणि लसणाची कोरडी चटणी होते, त्या घरात हा मसालाही सहज होतो. फक्त त्यामागचं कारण कळलं पाहिजे.

ही पद्धत अमेरिकेच्या दक्षिण भागातली. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या 'बार्बाकोआ' या शब्दावरून आला. दक्षिणेत गुलामगिरीच्या काळात खड्ड्यात विस्तव घालून रात्रभर मांस भाजायचं कष्टाचं काम बहुतेक गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांकडे होतं, आणि हे कौशल्य त्यांच्याच हातांनी वाढलं. पुढे गावागावाची चव वेगळी झाली. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक लोकांच्या खाटिकखान्यांतून हा धंदा वाढला. तिथे गाईच्या छातीच्या मांसाला नुसतं मीठ आणि जाडसर मिरी चोळतात. मेम्फिस शहरात डुकराच्या बरगड्यांना पाप्रिका, म्हणजे कमी तिखट लाल मिरचीची पूड घातलेला मसाला लावतात. तिथल्या 'रॉन्देव्हू' या 1948 साली सुरू झालेल्या हॉटेलाने अशा कोरड्या बरगड्या प्रसिद्ध केल्या. कॅन्सस सिटीकडचा मसाला गोडसर, ब्राऊन शुगर घातलेला असतो.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ती माणसं मांस मंद आचेवर, साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअसवर, कित्येक तास ठेवतात. छातीचं मांस चिवट असतं, ते इतक्या वेळाने मऊ पडतं. एवढ्या कमी आचेवर मसाल्यातली साखर जळत नाही, नुसती रंगते. आपण कोंबडी थेट लाल निखाऱ्यावर धरतो, तिथली आच याच्या कितीतरी पट असते. म्हणून त्यांची गोड कृती जशीच्या तशी आपल्या शेगडीवर आणली, की बाहेरून कोळसा आणि आत कच्चं, अशी गत होते.

आता मुख्य मुद्दा. "रात्रभर मसाला लावून ठेव, आतपर्यंत मुरतो," असं आपण नेहमी ऐकतो. हे अर्धंच खरं आहे. आत जातं ते मुख्यतः मीठ. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि त्या पाण्याबरोबर हळूहळू आत शिरतं. त्यामुळे मांस भाजतानाही ओलसर राहतं. मिरची, मिरी, धणे, जिरे यांचा स्वाद बहुतेक तेलात विरघळणारा असतो. तो वरच्या थरातच राहतो, मग तासभर ठेवा नाहीतर रात्रभर. म्हणजे मीठ आणि मसाला यांची कामं वेगळी आहेत. मिठाला वेळ द्यायचा, मसाल्याला योग्य आच द्यायची. म्हणून माझं सांगणं एवढंच, की बाटलीतला मसाला बिनमिठाचा ठेवा आणि मीठ दर वेळी मांसाचं वजन बघून वेगळं लावा.

याचा फायदा मोठा आहे. बारीक मिठाचा चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण 6 ग्रॅम. एक किलो बिनहाडाच्या मांसाला असे दोन चमचे पुरतात, हाडासकट असेल तर दीड चमचा. आता हिशेब करा. 12 ग्रॅम मीठ सहा जणांत वाटलं, तर प्रत्येकी 2 ग्रॅम आलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. भाकरी, आमटी, लोणचं, पापड यांतलं मीठ अजून मोजायचंच आहे. मीठ मसाल्यातच मिसळलेलं असेल, तर जास्त चव हवी म्हणून मसाला वाढवला की मीठही वाढतं. वेगळं असेल, तर घरात ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्या तुकड्यांना अर्धं मीठ आणि पूर्ण मसाला लावता येतो. वर लिंबू पिळलं, की ताट सगळ्यांसारखंच. सासूबाईंना वेगळं, बेचव शिजवून बाजूला बसवायची गरज उरत नाही.

आता मसाला. एकाच चमच्याने सगळं मोजा. बेडगी मिरचीची पूड चार चमचे, गूळ पावडर दोन चमचे, जाडसर मिरपूड एक, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक, धणेपूड एक, लसूण पावडर एक, कांद्याची पावडर एक आणि मोहरीची पूड अर्धा चमचा. एक किलो मांसाला यातले सहा चमचे लागतात, म्हणजे हा मसाला पावणेदोन-दोन किलोला पुरेल. बेडगीच का? तिचा रंग गडद आणि तिखटपणा कमी, म्हणून पाप्रिकाच्या जागी ती चपखल बसते. तिखट हवं असेल तर त्यात अर्धा चमचा लवंगी मिरची घाला, पण बेडगी काढून टाकू नका. ब्राऊन शुगर म्हणजे काकवीचा अंश असलेली साखर. आपल्या गुळात ती काकवी मुळातच असते, त्यामुळे गूळ हा इथे नाइलाजाचा पर्याय नाही, चांगलाच पर्याय आहे. मात्र गूळ ओल धरतो आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात. साठवणीच्या बाटलीत गूळ घालू नका, लागेल तेव्हा मिसळा.

धणे-जिरे मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच दळा. गरम दळले तर वाफेने पूड ओलसर होते आणि वास उडतो. मसाला काचेच्या कोरड्या बाटलीत, उजेड आणि चुलीपासून लांब ठेवा. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच करा. बाटली वाफाळत्या मांसावर धरून झटकू नका. लागेल तेवढा मसाला आधी वाटीत काढा. कच्च्या मांसाचा हात लागलेल्या वाटीतला उरलेला मसाला टाकून द्या, परत बाटलीत ओतू नका.

आता प्रयोगाकडे वळू. आपण बहुतेक जणी एकाच वेळी तीन गोष्टी बदलतो, आणि मग चव कशामुळे सुधारली ते कळतच नाही. त्यापेक्षा एक किलो बिनहाडाच्या मांसाचे पाव-पाव किलोचे चार वाटे करा. प्रत्येकाला मोजून अर्धा चमचा मीठ. पहिल्याला नुसतं मीठ. दुसऱ्याला मीठ आणि मिरी, टेक्सासच्या पद्धतीने. तिसऱ्याला आपला मसाला, पण बिनगुळाचा. चौथ्याला गुळासकट. सगळे एकाच आचेवर भाजा. ताटल्यांवर आकडे घाला आणि कुठला आकडा कशाचा हे खाणाऱ्यांना सांगू नका. मग विचारा, आणि उत्तरं वहीत लिहा. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला, मग ते आमचूर असो, दगडफूल असो, नाहीतर मीठ लावून ठेवायचा वेळ. चार रविवारांत तुमच्या घरचा मसाला ठरेल. बचतगटातून विकायचा विचार असेल तर ही वही सोन्यासारखी आहे, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या बाटलीत पहिलीच चव शोधतं. विकण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी मात्र हवी, घरगुती उद्योगालाही ती लागते.

भाजण्याची रीत अशी. मीठ लावून मांस झाकून फ्रिजमध्ये ठेवा, निदान तासभर, जमलं तर रात्रभर. भाजण्याआधी स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने वरचं पाणी टिपा. पृष्ठभाग ओला असेल तर मांस आधी वाफतं आणि खरपूस होत नाही. तेलाचा हात फिरवा आणि मसाला चोळा. मांस पुसलेलं फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका. निखारे शेगडीच्या एका बाजूला सारा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. तुकडे आधी रिकाम्या बाजूला ठेवून वर मोठं पातेलं उपडं घाला. शिजत आले, की शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर घ्या. गूळ लावलेल्यांवरून नजर हलवू नका.

आता काळजीच्या दोन गोष्टी. पहिली, लाल मसाल्यामुळे कोंबडी शिजण्याआधीच भाजल्यासारखी दिसते, रंगावर विसंबू नका. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश सेल्सिअस दिसलं की ती शिजली. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो. तो नसेल तर जाड भागाला चीर द्या. रस स्वच्छ यायला हवा आणि मांस हाडापासून सहज सुटायला हवं. शंका वाटली तर आणखी थोडा वेळ ठेवा. कच्च्या मांसाचं ताट भाजलेल्याला वापरू नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कोळशाची शेगडी अंगणात, गच्चीवर, मोकळ्या हवेतच पेटवा. पाऊस आला म्हणून ती घरात घेऊ नका, आणि भाजून झाल्यावर ऊब मिळते म्हणून थंडीत खोलीत ठेवून दार लावू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. निखारे पाण्याने पूर्ण विझवा, राख गार झाल्याची खात्री करा, मगच अंथरुणं घाला.

येत्या रविवारी चार वाट्यांचा प्रयोग करून बघा, आणि कुठली ताटली आधी रिकामी झाली ते आम्हाला कळवा.