पॅनल मेड इन इंडिया, पण आतला सोलर सेल कुठला?

घरावर सोलर बसवायचं म्हटलं की वेंडर बऱ्याचदा दोन कोटेशन देतो. एक स्वस्त, एक महाग. पॅनलचे वॅट सारखे, दोन्हींवर ‘मेड इन इंडिया’ असू शकतं. फरक एका शब्दाचा: डीसीआर आणि नॉन-डीसीआर. आणि गंमत म्हणजे पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) फक्त महागड्या डीसीआर पॅनललाच मिळते.

असं का? कारण सरकार इथे पॅनल कुठे बनलं एवढंच बघत नाही. त्याच्या आतला सेल कुठे बनला, हेही बघतं. आणि भारताची खरी अडचण तिथेच आहे.

पॅनल आणि सेल, फरक काय?

फोनचं उदाहरण घ्या. फोन भारतात जोडला, म्हणून त्यातला प्रोसेसर भारतात बनला असं होत नाही. सोलरचंही तसंच आहे. पॅनल तयार होईपर्यंत पाच टप्पे असतात:

१. पॉलिसिलिकॉन: वाळूसारख्या कच्च्या मालातल्या सिलिकॉनला अतिशुद्ध करणं. याला प्रचंड वीज लागते.
२. इनगॉट: हे सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसच्या वर वितळवून त्याचा मोठा दंडगोल ओढून काढणं.
३. वेफर: हिऱ्याचे कण लावलेल्या तारेने त्या दंडगोलाच्या पातळ चकत्या कापणं. जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढी!
४. सेल: त्या चकतीला वीज बनवायला ‘शिकवणं’.
५. मॉड्यूल: सेल एकमेकांना जोडून, वर काच आणि बाजूने ॲल्युमिनियमची फ्रेम लावणं. यालाच आपण पॅनल म्हणतो.

पाचवा टप्पा म्हणजे मुख्यतः जोडणी. मशीन आणली, शेड उभी केली की काम तुलनेने लवकर सुरू होतं. चौथ्याचं तसं नाही.

सेल बनवणं अवघड का?

आधी वेफर रसायनात धुवून त्यावर अगदी सूक्ष्म पिरॅमिड तयार करतात, म्हणजे प्रकाश परत न जाता आत शिरतो. मग ८०० अंशांहून गरम भट्टीत त्यात फॉस्फरस किंवा बोरॉन मुरवतात. सूर्यप्रकाशामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन एका दिशेने जातात ते यामुळेच. नंतर सिलिकॉन नायट्राइडचा थर चढवतात (सेलचा निळसर रंग याचाच). शेवटी चांदीच्या पेस्टने केसाहून बारीक रेघा छापून सेल पुन्हा भट्टीतून काढतात.

यातला एक टप्पा जरा बिघडला तरी सेलची कार्यक्षमता घसरते. त्यात स्वच्छ खोल्या, अतिशुद्ध पाणी, धोकादायक वायू आणि रसायनं सांभाळणारे अनुभवी लोक लागतात. शिवाय तंत्रज्ञान फोनसारखंच पटापट जुनं होतं. काही वर्षांपूर्वी ‘पर्क’ सेल सगळीकडे होते, आता ‘टॉपकॉन’ आले. म्हणजे कारखान्याचा खर्च वसूल होण्याआधीच मशीन बदलायची वेळ येऊ शकते.

जगात कारखाने कमी आहेत का?

नाही, उलट आहे. २०२४ मध्ये जगभरात साधारण ६०० गिगावॅट सोलर बसलं आणि पॅनल बनवण्याची क्षमता १,००० गिगावॅटच्या पुढे गेली होती. (१ गिगावॅट म्हणजे ३ किलोवॅटची सुमारे ३.३ लाख घरं.)

मग प्रॉब्लेम काय? सगळं एकाच देशात आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये सेलच्या जागतिक क्षमतेपैकी ८५ टक्के आणि वेफरच्या तर ९६ टक्क्यांहून जास्त क्षमता चीनमध्ये होती. जगातल्या दर सात पॅनलमागे एक पॅनल एकाच कारखान्यातून येत होतं!

याचा फटका बसूनही झालाय. जुलै २०२० मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतात एका पॉलिसिलिकॉन कारखान्यात स्फोट झाला. तो आणि वाढती मागणी, दोन्ही मिळून पुढच्या काळात पॉलिसिलिकॉनचे भाव चौपटीहून जास्त झाले आणि पॅनल जगभर महागले.

भारत कुठे आहे?

सरकारी आकडे बघा. मार्च २०२४ ते मार्च २०२५ या एका वर्षात:

- मॉड्यूल क्षमता: ३८ वरून ७४ गिगावॅट
- सेल क्षमता: ९ वरून २५ गिगावॅट
- इनगॉट-वेफर: देशातला पहिला कारखाना सुरू, क्षमता २ गिगावॅट

वेग भारीच आहे. पण ७४ आणि २५ मधलं अंतर बघा. सगळे कारखाने पूर्ण क्षमतेने चालले, तर दर तीनपैकी दोन पॅनलसाठी सेल बाहेरूनच आणावे लागतील. आणि देशात बनलेल्या सेलसाठीही बहुतेक वेफर बाहेरूनच.

हे असं का झालं? एक कारण करात आहे. एप्रिल २०२२ पासून आयात मॉड्यूलवर ४० टक्के सीमाशुल्क लागलं, सेलवर मात्र २५ टक्के. म्हणजे सेल बाहेरून आणून इथे जोडणं हाच फायद्याचा धंदा झाला.

अजून एक गोष्ट. ‘क्षमता’ म्हणजे उत्पादन नाही. इंटरनेट प्लॅनवर ‘अप टू १०० एमबीपीएस’ लिहिलेलं असतं ना, तसंच ते. कारखान्याने तेवढं बनवायला वेळ लागतो.

मग डीसीआरची अट कशाला?

चीनचा सेल स्वस्त असेपर्यंत इथल्या सेलला गिऱ्हाईक कोण? गिऱ्हाईक नसेल तर हजारो कोटी घालून कारखाना कोण काढणार? म्हणून सरकारने तीन बाजूंनी जोर लावला: उत्पादनाशी जोडलेलं अनुदान (पीएलआय, दोन टप्प्यांत मिळून २४,००० कोटी रुपये), सबसिडीसाठी डीसीआरची अट, आणि १ जून २०२६ पासून नेट मीटरिंगसह अनेक प्रकल्पांना मान्यताप्राप्त यादीतलेच सेल वापरण्याचं बंधन.

याची किंमत आहेच. भारतीय सेलचं पॅनल प्रति वॅट महाग पडतं आणि मागणी वाढली की टंचाईही होते. सबसिडीमुळे घरगुती ग्राहकाचा भार हलका होतो. सबसिडी न मिळणाऱ्या दुकानाला किंवा कारखान्याला तो पूर्ण जाणवतो. म्हणून सेलचे कारखाने किती लवकर वाढतात आणि त्यांचा माल किती लवकर स्वस्त होतो, यावर सगळं अवलंबून आहे.

तुम्ही काय बघायचं?

घरचे सोलरचा विचार करत असतील, तर कोटेशनवर ‘मेड इन इंडिया’ वाचून थांबू नका. हे तीन प्रश्न विचारा:

- पॅनल डीसीआर आहे का? बिलावर तसं लिहून मिळेल का?
- सेल कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा, पर्क की टॉपकॉन?
- सांगितलेली किंमत सबसिडीच्या आधीची की नंतरची?

पहिल्या प्रश्नावर वेंडर गडबडला, तर ॲडव्हान्स देऊ नका. नॉन-डीसीआर पॅनलही वीज बनवतंच, पण ते बसवून झाल्यावर ७८,००० रुपये काही मिळायचे नाहीत.