निसर्ग छायाचित्रणात कळ दाबण्यापूर्वीचा विचार

जूनचा मध्य उलटला की गोव्यातील मोबाईलवर एकच छायाचित्र शेकडो रूपांत फिरू लागते. दूधसागरचा पांढरा प्रवाह, मध्ये रेल्वेचा पूल आणि योग असेल तर त्यावरून जाणारी आगगाडी. यातील बरीच छायाचित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतात. आजचे मोबाईल तेवढे नक्कीच करून देतात. तरीही आठवडाभराने त्यातील एकही डोळ्यांपुढे उरत नाही. सर्वांनी एकाच जागी, एकाच उंचीवर उभे राहून, दुसऱ्या कोणाच्या छायाचित्रात पाहिलेला दूधसागर पुन्हा टिपलेला असतो.

निसर्ग छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याची खरी अडचण येथून सुरू होते. कॅमेऱ्याची बटणे महिनाभरात ओळखीची होतात. समोरच्या पसाऱ्यातले काय चौकटीत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे ठरवण्याची सवय जडायला मात्र काही वर्षे जातात. जंगलात उभ्या असलेल्या माणसाला पावसाचा आवाज ऐकू येत असतो, भिजल्या मातीचा वास येत असतो, अंगाला गारवा लागत असतो आणि डोळा हवे तिकडे फिरत, नको ते गाळत पाहत असतो. कॅमेऱ्याला यातले काहीच येत नाही. तो एका क्षणाचा, एका आयताएवढा प्रकाश नोंदवतो. त्यामुळे जे जाणवले ते छायाचित्रात आणायचे असेल, तर त्यासाठी काहीतरी दृश्य शोधावे लागते. गारव्यासाठी पानावरून ओघळणारा थेंब असू शकेल किंवा धुक्यात अर्धवट पुसले गेलेले झाड.

या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत हमखास येणारा एक प्रसंग १० एप्रिल १९२७ चा आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे अँसेल अ‍ॅडम्स हा तरुण छायाचित्रकार हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर पोचला, तेव्हा त्याच्याजवळ केवळ दोन काचपट्ट्या शिल्लक होत्या. पहिली त्याने नेहमीप्रमाणे पिवळा फिल्टर लावून वापरली. मग त्याच्या लक्षात आले की यातून आकाश जसे आहे तसे फिकट येईल आणि त्या कड्याखाली उभे राहून वाटलेला दरारा हरवेल. दुसऱ्या पट्टीसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळे पडले आणि कडा त्यातून पुढे आला. छपाई होण्याआधीच अंतिम चित्र मनात पाहण्याच्या या सवयीवर अ‍ॅडम्सने पुढे आयुष्यभर लिहिले आणि शिकवले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट फिल्टरची नव्हे. ‘मला येथे काय वाटले’ हा प्रश्न त्याने कळ दाबण्याआधी विचारला आणि मग त्याला साजेसे तंत्र निवडले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

तंत्राकडे या क्रमाने पाहिले की ते सोपे होते. शटर किती वेळ उघडे राहणार, लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर किती मोठे असणार आणि सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ किती ठेवणार, या तीन गोष्टींवर प्रकाशाचा हिशेब चालतो. नवशिके हा हिशेब ‘बरोबर’ येण्यासाठी धडपडतात. वास्तविक त्याची अनेक उत्तरे बरोबर असतात आणि प्रत्येक उत्तराचे चित्र वेगळे येते. ओहोळाचे पाणी अर्ध्या सेकंदाच्या शटरला रेशमासारखे वाहते दिसते. सेकंदाच्या हजाराव्या भागात तेच पाणी काचेच्या तुकड्यांसारखे उसळते. माणसाच्या डोळ्याला प्रत्यक्षात यापैकी काहीच तसे दिसत नाही. मग निवड कशावरून करायची? तो ओहोळ शांत वाटला की आडदांड, यावरून. पहिल्यासाठी ट्रायपॉड किंवा एखादा स्थिर खडक लागेल, दुसऱ्यासाठी भरपूर प्रकाश. बाकी नियम येथेच संपतात.

प्रकाशमापनाचा एक धडा मात्र गोव्याच्या शेतातच शिकावा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोर दिसणारे सारे सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. गडद हिरव्या भातशेतीत एकटा पांढरा बगळा उभा असेल तर कॅमेऱ्याला दृश्य काळोखे वाटते. तो प्रकाश वाढवतो आणि बगळ्याची पिसे जळून नुसता पांढरा डाग उरतो. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम एक पायरी कमी करावे लागते. उलट बगळ्यांचा थवाच चौकट व्यापून बसला असेल तर कॅमेरा त्या पांढऱ्याला करडे करून टाकतो आणि एक्स्पोजर वाढवावे लागते. मोबाईलवर पडद्यावर बोट ठेवून ते वरखाली सरकवले की हेच साधते. एकाच पक्ष्यासाठी दोन परस्परविरुद्ध उपाय का, हे ज्याला उमगले त्याला प्रकाशमापन वेगळे शिकवावे लागत नाही.

उजेडाबद्दलचे परदेशी सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशाची थोरवी सर्वत्र सांगितली जाते. गोव्यात जून ते सप्टेंबर तो सोनेरी प्रकाश अनेकदा उगवतच नाही. म्हणून कॅमेरा कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ढगांनी भरलेले आकाश हे एक विशाल, मऊ दिव्यासारखे काम करते. सावल्या नाहीशा होतात, झाडांच्या सालीवरची शेवाळे, नेचे, बुरशी यांचे रंग खरे दिसतात आणि भर दुपारीही काम करता येते. अट एकच: ते पांढरे आकाश चौकटीत येऊ द्यायचे नाही. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने काढली की खालचा हिरवा रंग किती गडद आहे हे कळते. धुक्यातली सकाळ हवी असेल तर डिसेंबर-जानेवारीत खाजन शेतीच्या बांधांवर जावे. बांध, मानस आणि स्तब्ध उभे असलेले पाणपक्षी एवढ्यावरच तेथे चित्र उभे राहते.

किनाऱ्यालगत आणि खाडीत सूर्याइतकेच महत्त्व भरती-ओहोटीला असते, याचा विसर पुष्कळांना पडतो. चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे क्षेत्र दोन चौरस किलोमीटरहूनही लहान आहे, पण भरतीला आणि ओहोटीला ते दोन निराळी ठिकाणे असतात. ओहोटीला खारफुटीची श्वसनमुळे उघडी पडतात, चिखलावर खेकडे आणि निवट्या दिसतात, त्यामागून पक्षी येतात. भरतीला हे सारे पाण्याखाली जाते आणि उरतात फांद्यांची प्रतिबिंबे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून रायबंदरची फेरीबोट पकडण्याआधी भरतीचे कोष्टक पाहणे पहाटेचा गजर लावण्याइतकेच आवश्यक आहे.

शिकण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पद्धत म्हणजे एकच जागा वर्षभर धरून ठेवणे. करमळीचे तळे त्यासाठी आदर्श म्हणावे लागेल. कोकण रेल्वेचे स्थानक काठाशीच असल्याने पोचणे सोपे आणि हाती साधी लेन्स असली तरी पुरते. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत सगळे पक्षी टिपून होतात: अडई, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, खंड्या. त्यानंतर कंटाळा येतो आणि खरे शिक्षण त्या कंटाळ्यापासून सुरू होते, कारण आता पक्षी ‘मिळवण्या’ची घाई उरलेली नसते. कमळपक्षी लांब बोटांवर तोल सांभाळत पानांवरून चालतो तेव्हा कोणते पान किती दबते, हे दिसू लागते. पश्चिमेकडच्या बाजूला उभे राहिल्यास सकाळचा सूर्य समोर येतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृती उरतात; पूर्वेकडे गेल्यास तेच पक्षी रंगांसह उजळतात, हे पायांना पाठ होते. पावसाळ्यातले तुडुंब पाणी, हिवाळ्यातली पाहुण्या बदकांची गर्दी, उन्हाळ्यात आटत जाणारे काठ अशी वर्षभराची चित्रे शेजारी शेजारी मांडली की एखाद्या पक्ष्याच्या जवळून घेतलेल्या मुखचित्रापेक्षा ती कितीतरी अधिक सांगतात. रोज नव्या स्थळी धावणाऱ्याच्या संग्रहात हे कधीच येत नाही.

जवळून आणि दुरून पाहण्यातला फरक सर्वांत ठळकपणे सड्यांवर कळतो. जांभ्या दगडाचे हे पठार उन्हाळ्यात करपलेले, काळेकभिन्न दिसते आणि सरकारी कागदांत, बोलण्यातही सहज ‘पडीक’ ठरते. ऑगस्टमध्ये त्याच कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात सीतेची आसवे निळी-जांभळी फुलतात, गेंदाचे पांढरे गोळे डुलू लागतात आणि दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती आपल्या चिकट केसांवर चिलटे धरते. यातली बरीच फुले नखाएवढी. नवशिका छायाचित्रकार मॅक्रो लेन्सने एक फूल चौकटभर मोठे करतो, मागचे सारे धूसर करतो आणि चित्र देखणे येते. पण ते फूल कोठे उगवले हे त्यातून कळत नाही. ते कुंडीतलेही असू शकते. तेच फूल रुंद कोनाच्या लेन्सने, अगदी दोन-तीन इंचांवरून, मागचा काळा कातळ आणि क्षितिजापर्यंतचे ढग यांसह घेतले तर पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की ‘पडीक’ म्हटली गेलेली जमीन ही आहे. गोव्यातल्या सड्यांवर औद्योगिक वसाहती आल्या, मोप्याच्या पठारावर विमानतळ झाला. त्या निर्णयांच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी. मात्र जे कोणी पाहिलेलेच नसते, त्याचा हिशेब कोणत्याही चर्चेत मांडला जात नाही. लेन्सच्या निवडीला असा अर्थ असू शकतो. अर्थात असे चित्र घेताना पालथे पडावे लागते, तेव्हा कोपर उघड्या कातळावर टेकवावे. एका फुलासाठी पन्नास फुले चिरडणारेही याच सड्यांवर भेटतात.

कल्पकता कोठे संपते आणि दिशाभूल कोठे सुरू होते, हा प्रश्न सध्या काजव्यांच्या छायाचित्रांनी ऐरणीवर आणला आहे. पावसाच्या तोंडावर घाटालगतच्या रानांत काजवे चमकतात. त्यांची जी लखलखती चित्रे सर्वत्र दिसतात, ती बहुधा अनेक दीर्घ एक्स्पोजर एकावर एक चढवून तयार केलेली असतात. तासाभरात झालेली सगळी लुकलुक एकाच क्षणी दिसते. हे तंत्र वापरण्यात गैर काही नाही, पण ते न सांगण्यात आहे. चित्र पाहून मोटारी भरून येणाऱ्यांना तेवढा झगमगाट दिसत नाही, मग विजेऱ्या पेटतात. काजव्यांची चमक ही नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते; प्रखर प्रकाशात ती हरवते. एका चित्राने सुरू झालेली गर्दी अशी थेट त्यांच्या विणीच्या हंगामावर येऊन आदळते.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांबाबत तर फ्लॅशला थाराच नाही. उजेडाने बिचकून मादी अंडी न घालताच समुद्रात परतू शकते आणि पिल्ले पाण्याऐवजी उजेडाच्या दिशेने जातात. पक्ष्यांच्या घरट्याजवळ फांद्या दूर करून ‘मोकळी’ चौकट मिळवणे, बेडूक उचलून हिरव्या पानावर बसवणे, हे प्रकारही याच वर्गातले. त्या चित्रांना पूर्वी पारितोषिके मिळत. आता अनेक स्पर्धांच्या नियमांत घरट्यांवरील छायाचित्रे आणि हाताळलेले प्राणी वर्ज्य आहेत. विणीची जागा असलेल्या छायाचित्रातून स्थळाची माहिती काढून टाकणे हेही आता छायाचित्रकाराच्या कामाचा भाग झाले आहे. मोबाईल ती आपोआप जोडत असतो.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मोबाईलवर सुरुवात करून वर्षभर तग धरलेला माणूस पुढे काय घ्यायचे ते स्वतःच ओळखतो. किनारपट्टीच्या हवेत मात्र घेतलेली वस्तू टिकवणे हेच मोठे काम असते. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि एकदा काच कोरली गेली की ती पूर्ववत होत नाही. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढ्याने हे टळते. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. रंग बदललेले जेल मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये. वीस-पंचवीस मिनिटे पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर थंड काचेवर बाष्प जमते आणि नेमका तेवढ्यातच धनेश उडून जातो.

अभयारण्यांत छायाचित्रणासाठी प्रवेश हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार परवान्याचा विषय आहे. प्रवेशशुल्काखेरीज कॅमेऱ्याचे शुल्क सहसा वेगळे भरावे लागते आणि ड्रोन स्वतंत्र परवानगीशिवाय उडवता येत नाही. सड्यांवरची फुले सप्टेंबरअखेरीस पाणी आटू लागताच ओसरतात; ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे, त्यांनी त्याआधीच्या एखाद्या ढगाळ दुपारी निघावे. त्यानंतर करमळीला थंडीतले पाहुणे येईपर्यंत महिना-दीड महिना हाताशी असतो आणि तेवढ्या वेळात भातशेतीतला बगळा गाठता येतो.